ठिकाण : पुणे जिल्हा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, चाकणजवळच्या एका गावात, ट्रक टर्मिनलच्या जनसुनावणीच्या मांडवात सुप्रिया शेळके उभी राहिली आणि म्हणाली, "पर्यावरण अहवालाचं चौऱ्याऐंशीवं पान खोटं आहे."

त्या पानावर गावच्या पाझर तलावावरचे पक्षी दिले होते : कावळा, कबूतर, साळुंकी, चिमणी. पाहणी एक दिवस, दुपारी साडेबारा ते पावणेदोन. तलाव बुजवून तिथे तीनशे ट्रक उभे राहणार होते.

सुप्रिया गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे. केसाएवढी चीर दिसली तरी ती भाग बाजूला काढते. गेली नऊ वर्षं महिन्यातून दोनेकदा पहिली शिफ्ट सुटली, की पिंपळे गुरवला घरी जाण्याआधी ती दुर्बीण घेऊन या तलावावर थांबते. एकशे अठ्ठावीस जाती तिने इथे नोंदवल्या. आत्ता, एप्रिलमध्ये, उथळ पाण्यातल्या मातीच्या उंचवट्यावर लांब लाल पायांच्या शेकाट्यांची तीन घरटी होती.

अहवाल बनवणाऱ्या सल्लागार कंपनीचा गणराज फार नम्र होता. "मॅडम, पक्षीनोंदींचं अ‍ॅप आम्हीही बघितलं. या तलावाची एकही नोंद नाही. तुमच्याकडे असेल तर दाखवा ना."

तिने फोन पुढे केला. त्याने माइकवर वाचलं, "ठिकाण, पुणे जिल्हा. पुढची? पुणे जिल्हा. हीसुद्धा पुणे जिल्हा. मॅडम, जिल्हा मोठा आहे हो!"

मांडव हसला. आक्षीच्या किनाऱ्यावरचे कुरव पक्षी सुप्रिया वेळ-ठिकाणासकट जाहीर करायची. ते तिथे घरटी करत नाहीत, माणसं आली तरी बिघडत नाही. पण दहा वर्षांपूर्वी देहूरोडकडच्या माळावरचं धाविक पक्ष्याचं घरटं तिने असंच जाहीर केलं, आणि रविवारी अकरा गाड्या आल्या. फोटोत उजेड नीट यावा म्हणून कुणीतरी अंडी हातभर सरकवली. पक्षी पुन्हा त्यांच्यावर बसला नाही. तेव्हापासून घरट्याची जागा ती कुणालाही सांगत नसे; नोंदीत फक्त जिल्हा लिहायची. आता तेच तिच्या तोंडावर फेकलं जात होतं, आणि एका दुपारी सव्वा तास फिरलेल्या माणसाचा कागद खरा ठरत होता.

मागून आबाजी उठले. तलावावर म्हशी चारणारे, सत्तरीचे. "सायेब, पक्षी न्हाईत म्हनता? मंग माझ्या म्हशीच्या पाठीव रोज काय इमान उतरतंय?"

पुन्हा हशा. सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले, "बाबा, लेखी द्या. ठिकाणासह. शुक्रवारी पाचपर्यंत."

मांडवाबाहेर आबाजी तिच्यावरच उखडले. "नऊ वरीस येतीस पोरी, आन् गावाचं नाव लिवाया तुझा हात झडला व्हता व्हय?"

"लिहिलं असतं तर फोटोवाले आले असते, आबा."

"आन् आता?"

"आता लिहिलं तरी येतील. घरटी आहेत. नाही लिहिलं, तर ट्रक येतील."

"मंग लिव. मान्साला काठी दावता येती. टरकाला काय दावू?"

गुरुवारी रजा टाकून तिने दोनशे बारा नोंदी एकेक करून उघडल्या. प्रत्येकीत जिल्हा खोडून गाव आणि तलाव लिहिला. शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी अर्जावर पोचेचा शिक्का पडला. त्याच संध्याकाळी फोटोवाल्यांच्या ग्रुपवर तलावाचा नकाशा फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'इतकी वर्षं लपवून ठेवलं! स्वार्थी बाई.'

रविवारी सकाळी सहाला तलावाच्या वाटेवर आबाजींनी म्हशी आडव्या घातल्या होत्या. बाजूला सुप्रिया वही घेऊन उभी. पहिल्या गाडीतून हातभर लांब लेन्सवाला उतरला. "ताई, बाजूला व्हा ना. लाइट जातोय."

"आधी इथे नाव, तारीख, वेळ लिहा. काय दिसलं तेही लिहायचं. आणि त्या दगडाच्या पुढे जायचं नाही."

"तुम्ही कोण? फॉरेस्टवाल्या?"

"नाही."

"मग कोणत्या अधिकाराने?"

म्हशीच्या पाठीवर थाप मारत आबाजी म्हणाले, "हिला इचार."

त्याने सही केली. दहा वाजेपर्यंत सव्वीस सह्या झाल्या. सुप्रिया वाटेवर सह्या घेत असताना दोघे तलावाच्या मागच्या बाजूने, ओढ्यातून आत शिरले. शेकाट्यांचा ओरडा ऐकू आला तेव्हा ते एका घरट्यापाशी गुडघाभर पाण्यात होते.

सोमवारी अर्जाला पुरवणी म्हणून वहीतल्या सह्या-नोंदींची प्रत जोडली गेली. सुनावणीचा निकाल अजून जाहीर झालेला नाही. दोन घरट्यांवर शेकाटे बसून आहेत. तिसऱ्यात चार अंडी आहेत. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत त्यांच्यावर कुणी बसलेलं दिसलं नाही.