साडेतीनच्या आधी

माझ्या लेकीचं, मुनिबाचं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात ओमानमध्ये आमच्या कोकणी माणसांच्या क्लबांचा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल कप झाला. २०१३ साल. गावी मुनिबाच्या मांडवातले कूलर मुस्तफाने लावले होते. फायनलच्या दिवशी सकाळी खाबुऱ्याच्या मैदानावर प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणजे शेठच्या, तंबूतले कूलरही तोच लावत होता.

"शेठला थंडी वाजेल," तो शिडीवरून म्हणाला. "रशीदभाय, एक चादर आणून ठेव."

मुस्तफा पावसकर एसी मेकॅनिक. दापोलीकडचा, माझा खोलीतला सोबती. आठवडाभर लोकांच्या खोल्या गार करायचा आणि शुक्रवारी आमच्या क्लबाचा गोलकीपर व्हायचा. वय चव्वेचाळीस. तो उडी मारायचा तेव्हा आधी तो जायचा, मागून पोट जायचं, अशी पोरं थट्टा करायची. पण आदल्या दिवशी बहरीनवाल्यांच्या दोन पेनल्टी त्याने अडवल्या होत्या, म्हणून आम्ही फायनलला होतो. दुसरा कीपर उजैर, त्याचं बोट बहरीनच्या सामन्याआधीच मोडलेलं.

सामना पाचला होता. जूनमध्ये पाच म्हणजेही भट्टीच, पण सावल्या तरी लांबतात. पुढच्या महिन्यात रमजान, शाळा सुटल्या की साहेब लोक गावाला जाणार, म्हणून कप जूनमध्येच उरकायचा होता. तेही मी समजू शकतो.

जुम्याची नमाज झाली आणि सेक्रेटरी अहमद गाडीतून उतरला. कुरुम या बड्या वस्तीतल्या एका ऑफिसात तो मोठ्या हुद्द्यावर होता. भोंगा तोंडाला लावून म्हणाला, "मॅच अडीचला. शेठना संध्याकाळची दुबईची फ्लाइट आहे. यल्ला, तयारीला लागा."

मी त्याच्याकडे गेलो. "अहमद, अडीचला नको. मी बांधकामावर असतो. साडेबारा ते साडेतीन आमचा मुकादमसुद्धा आम्हाला उन्हात उभा करत नाय. सरकारचा कायदा हाय. अर्बाबला, मालकाला दंड बसतो."

"चाचा, तो कायदा कामाला. हे काय काम आहे? हा खेळ आहे."

"ऊन विचारून लागतं काय, काम करतोस का खेळतोस?"

आजूबाजूचे हसले. अहमदही हसला. मग मी त्याला बाजूला घेतलं. "मुस्तफाचा रोजा हाय. मेराजचा."

"मेराज काल झाली, चाचा. कालच सुट्टी होती ना?"

त्याचंही बरोबर होतं. मेराज म्हणजे पैगंबर आसमानात गेले ती रात, आणि ती चांदावर ठरते. ओमानचा चांद आमच्या गावाच्या एक दिवस पुढे. पण मुस्तफाची आई शकीला हा रोजा दरवर्षी धरायची आणि मुस्तफा तिच्यासोबत, तिच्या चांदावर. तिकडे मगरिबची अजान झाली की म्हातारी खजूर तोंडात टाकायची आणि मुस्तफाला मिस्ड कॉल द्यायची. एकदा वाजवून बंद. इथे सूर्य अजून वर असायचा. मुस्तफा म्हणायचा, "आईचा झाला. आता माझा थोडाच राहिला." रमजानचे रोजे तो सगळ्यांबरोबर इथल्या चांदावर धरायचा. हा एकच आईचा.

"मग आज सोडायला सांगा त्याला," अहमद म्हणाला. "नफिल रोजा आहे, सोडला तर चालतो. नाहीतर खेळू नको म्हणावं."

दुसरा कीपर म्हणजे मोडक्या बोटाचा उजैर, हे त्यालाही माहीत होतं.

मी मुस्तफाकडे गेलो. तो बुटांच्या नाड्या बांधत होता.

"तोड आजच्या दिवस. आईला कोण सांगणार नाय."

"तिला नाय कळणार. मला कळेल ना." मग म्हणाला, "रशीदभाय, छपरावर जन्म गेला माझा. दीड तासाने काय होतंय?"

"छपरावर तुला या टायमाला कोण चढवतो?"

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी आवळली. त्याला खेळायचं होतं. ते मी लपवत नाही. कुवेतचा क्लब विमानाने आला होता, दोन्हीकडच्या गावांची माणसं जमली होती, आणि जन्मात पहिल्यांदा लोक त्याचं नाव घेऊन ओरडणार होते. अशा माणसाला 'खेळू नको' म्हणणं सोपं नसतं. वेळ बदलणं सोपं होतं.

अडीचला शिटी वाजली. मी गोलाच्या मागे ओला टॉवेल घेऊन बसलो. पाहुण्यांच्या तंबूत कूलर घरघरत होते आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शेठ अजून आले नव्हते.

पंधरा-वीस मिनिटं मुस्तफा चांगला खेळला. एक चेंडू त्याने पायाने काढला, तेव्हा लोकांनी खरंच त्याचं नाव घेतलं. चेंडू लांब गेला की तो मागे यायचा, मी डोक्यावर पाणी ओतायचो. "तोंडात जाऊ देऊ नको," तो म्हणायचा. मग हळूहळू त्याचा घाम थांबला. उन्हात घाम थांबला की माणूस पडतो, हे मी बांधकामावर पाहिलेलं; मॅच थांबवा म्हणून उभा राहून हात हलवले. रेफरीला वाटलं, मी चिअर करतोय.

मुस्तफाने खांबाला हात टेकला. लोखंड तापलेलं, हात झटक्यात मागे घेतला. तेवढ्यात समोरून एक साधा, घरंगळणारा चेंडू आला आणि त्याच्या पायाशेजारून आत गेला.

"अरे, झोपला काय मुस्तफा?" आमच्याच बाजूने कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

तो खाली बसला. पडला नाही, बसला. नमाजमध्ये बसतात तसा, गुडघे मोडून. मग कलंडला.

पिकअपमध्ये घालून आम्ही त्याला नेलं. रस्त्यात मी ओल्या टॉवेलचं टोक त्याच्या ओठांवर पिळलं. पाणी हनुवटीवरून खाली गेलं. त्याचा रोजा मोडला नाही.

शेठ साडेचारला आले. त्यांची फ्लाइट रात्रीची होती, हे मला नंतर कळलं. अहमदने दोन मिनिटं शांतता पाळायला लावली, मग कप कुवेतला दिला. बिर्याणीची पातेली आलेलीच होती.

मी हॉस्पिटलच्या बाकावर होतो. मुस्तफाचा फोन माझ्या खिशात. बाहेर लख्ख ऊन होतं तेव्हा तो एकदा वाजला आणि बंद झाला. म्हातारीने तिकडे रोजा सोडला होता. मी तो फोन हातात धरून बसलो. उलट फोन मला लावता आला नाही.

वाचायला मी फार उशिरा शिकलो, मुनिबाने शिकवलं. मग क्लबाने कपाची स्मरणिका काढली होती तिच्यातलं मुस्तफाचं पान स्वतः वाचलं. 'आमचे लाडके गोलरक्षक सामन्यादरम्यान अचानक अल्लाला प्यारे झाले', असं त्यात आहे. खाली शेठचा कप देतानाचा फोटो आहे. अचानक. सामना किती वाजता होता, ते कुठे नाही. कोणी ठरवला, तेही नाही. म्हणून मी लिहितो.

मुस्तफा पावसकर सात जून २०१३ रोजी, शुक्रवारी, खाबुऱ्यात वारला. तेव्हा दुपारचे साडेतीन वाजायचे होते.