बंद पाठीचा कोट

"आधी ती कात्री खाली ठेव!"

मास्तरांचा आवाज दवाखान्याच्या त्या थंड खोलीत असा घुमला, की कर्मचाऱ्याचा हात जागच्या जागी थांबला. लोखंडी टेबलावर चादरीखाली मास्तरांचा धाकटा भाऊ होता. काल सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेला.

"मास्तर, अंग ताठलंय. हात मागे वळत नाहीत," कर्मचारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "आम्ही सगळ्यांचेच कोट पाठीत उभे कापतो आणि पुढून चढवतो. पाठ कोण बघतंय?"

"मी बघतो! पन्नास वर्षं लोकांच्या पाठीच बघत आलोय. माझ्या कोटाला कात्री लावून तर बघ!"

भावजय कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती, पुतण्या दाराशी उभा होता. कोट तिनेच मागितला होता. "भाऊजी, तुमच्या हातचा कोट घालूनच जाऊ दे त्यांना," एवढंच म्हणाली होती. मास्तरांनी तो आपल्या शिवणाच्या दुकानातल्या खुंटीवरून उतरवून आणला. आठ महिने तो तिथेच लटकत होता, आणि तेवढेच महिने दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

भांडण कशावरून, तर कोटाच्या फटीवरून. ऐकणारा हसेल, हसू दे बापडा. कोटाच्या पाठीला खालून वीतभर फट ठेवतात, तिला कट म्हणतात. मास्तर कट ठेवत नसत. खांद्यापासून खालपर्यंत सलग उतरलेली बंद पाठ, ही त्यांची ओळख होती. धाकट्याच्या निवृत्तीच्या समारंभासाठी त्यांनी तसाच कोट जीव ओतून शिवला. ट्रायलच्या दिवशी पुतण्याने मोबाइल पुढे केला.

"काका, बंद पाठ आता कोणी घालत नाही. हे बघा, सगळ्यांना कट आहेत."

"तुझा तो डबा मला शिकवणार? तुझ्या जन्माआधीपासून कात्री धरतोय मी. फॅशनी येतात नि जातात. मोठ्या मेजवान्यांचे काळे कोट बघ जा, आजही पाठ बंदच असते!"

धाकटा तेवढ्यात स्टुलावर बसला. तिकीटखिडकीत चौतीस वर्षं बसलेला माणूस तो. बसल्याबरोबर कोट पोटाशी गोळा झाला आणि कॉलर मानेवर चढली.

"दादा, फॅशन गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "मला स्टेजवर दोन तास बसायचंय रे. बसलं की हा वर येतो. थोडा कट दे ना."

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. माप घेताना त्यांनी त्याला उभं केलं होतं, जसं सगळ्यांना करत. ज्याचा जन्म खुर्चीत गेला, त्याला एकदाही बसवून पाहिलं नव्हतं. परक्या गिऱ्हाइकालाही ते हटकून विचारत, कुठे काचतंय का? भावाला तेही विचारलं नव्हतं. चूक त्यांना त्याच क्षणी कळली, आणि कळली म्हणूनच ते जास्त भडकले.

"कट द्यायला आत कापड लागतं. कापडच सोडलेलं नाही मी! घालायचा तर घाल, नाहीतर बाजारातून तयार आण."

धाकट्याने खरंच तयार कोट आणला. मास्तर समारंभाला गेले नाहीत. नंतर दोनदा त्याचा फोन आला, तोही उचलला नाही. येईल झक मारत, म्हणत बसले. आला नाही. आणि आता हा असा आडवा झाला होता.

मास्तरांनी खिशातून अर्धं ब्लेड काढलं, खिडकीपाशी कोट धरला आणि पाठीची मधली शिवण ते एकेक टाका उसवू लागले. तोंडाने नाही, पण मनात शिव्यांचा पट्टा चालू होता. गाढवा, कट पुन्हा एकदा मागितला असतास तर? दुकानात येऊन बसला असतास, तर काय हाकलून दिलं असतं मी? दिलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्या स्वतःवरच्या रागाला तर कुठे जागाच नव्हती.

शिवण खालपर्यंत सुटली. अस्तर बाजूला झालं आणि आत दुमडून दाबलेलं कापड उलगडलं. दोन्ही बाजूंना चांगलं तीन-तीन बोटं. भावजय कधी जवळ येऊन उभी राहिली ते त्यांना कळलंच नाही. तिने ते कापड चिमटीत धरलं.

"भाऊजी, कापड होतं की."

मास्तर ब्लेडला चिकटलेले दोरे झटकत राहिले.

"ते मला म्हणाले, दादा खोटं बोलायचा नाही, नसेलच कापड." तिचा आवाज चढला. "एवढ्याशा फटीपायी आठ महिने! दर रविवारी फोन जवळ घेऊन बसायचे ते. तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटते!" मास्तर ओरडले. "आत्ता वाटते. बोल, अजून बोल."

बाकावर परत जाऊन तिने भिंतीकडे तोंड केलं.

पुतण्याने आणि कर्मचाऱ्याने कोट पुढून चढवला आणि धाकट्याला कुशीवर धरलं. मास्तर वाकून मानेपासून टाके घालत खाली आले. बारीक, सारखे टाके. कंबरेशी येऊन थांबले. खालचं कापड त्यांनी एकावर एक घेतलं, नखाने घडी पाडली, गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.

"खाली राहिलं की, मास्तर," कर्मचारी म्हणाला.

"राहिलेलं नाही. बसणाऱ्या माणसाचा कोट आहे हा."

धाकट्याला पुन्हा उताणं निजवलं. मास्तरांनी कॉलर ओढून सरळ केली, जरा जोरातच. सुई स्वतःच्या सदऱ्याला टोचून ठेवली आणि सवयीने एक पाऊल मागे सरून ते बघत राहिले.

"कुठे काचतंय का रे?" त्यांनी विचारलं.