नारिनचा सर्व्हर आणि दोन अक्षरं

मित्रांनो, नारिन गावच्या वाचनालयातल्या कपाटात एक जुनी पेटी घरघरत असते ना, ती मी. लोक मला सर्व्हर म्हणतात. कुणी लेखन बदललं, की जुनं न पुसता नवं त्यावर ठेवायचं, हे माझं काम. ज्या प्रोग्रॅममुळे मला ते जमतं, तो अनोळखी लोकांनी फुकट दिलेला आहे. तो कुणीही उघडावा, कुणीही सुधारावा.

मला चालतं केलं ते इथल्या बुरुलचा नावाच्या मुलीनं. आणि मला कामाला लावलं निवृत्त शिक्षक सागिनबेक यांनी. सारे त्यांना आगाय, म्हणजे गुरुजी, म्हणत. डोंगरातल्या मेंढपाळांचे शब्द ते माझ्याकडे ठेवत, अक्षरागणिक एक पान. बरेचसे शब्द मेंढपाळांतल्याच कालबूबू आजींनी सांगितलेले. त्या हिवाळ्यात आजी गेल्या.

वसंतात आगायांनी पाहिलं, तर एक पान गायब! किर्गिझ भाषेत ओठ गोल करून म्हणायची दोन अक्षरं आहेत. प्रोग्रॅमला ती ओळखता येईनात, म्हणून दोन्ही पानांना त्यानं प्रश्नचिन्हाचंच नाव दिलं होतं. एक पान दुसऱ्यावर बसलं, आणि त्या नावाचं जुनं काही उघडेना.

"वही आहे ना, आगाय?" बुरुलचानं विचारलं.

"वही? पोरी, तूच म्हणालीस ना, यंत्र विसरत नाही म्हणून! चुलीत घातली मी ती."

बुरुलचाचा चेहरा उतरला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, "आहे गं, सगळं माझ्या पोटात आहे!" पण मला कुठलं तोंड?

तीन आठवडे ती प्रोग्रॅम ओळीओळीनं वाचत होती. अखेर चूक सापडली. तिनं ती सुधारलीच, शिवाय झाकलेली पानं आतल्या शब्दांवरून शोधायची नवी सोयही जोडली. आगायांनी एक शब्द टंकला, आणि कालबूबू आजींच्या शब्दांचं हरवलेलं पान समोर आलं.

"हा बघ," ते म्हणाले, "शिंगरू पहिल्यांदा उभं राहताना लटपटतं ना, त्याचा शब्द. म्हातारीनं स्वतः लटपटून दाखवलं होतं!" ते हसले आणि डोळे पुसू लागले.

बुरुलचानं आपली सुधारणा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांना पाठवली. उत्तर आलं, "दोन अक्षरांसाठी एवढा खटाटोप?"

तिनं लिहिलं, "या दोन अक्षरांशिवाय आम्हाला आमच्या भाषेत 'हृदय' लिहिता येत नाही."

पुढच्या आवृत्तीत तिचं काम सामील झालं. मग दूर उत्तरेकडच्या एका अनोळखी बाईचं पत्र आलं : "आमच्या भाषेतली नावंही आता नीट दिसतात. तुमचे उपकार."

मी आता थकलो आहे, मित्रांनो. एवढंच मागतो : फुकट मिळालेली वस्तू बिघडली, तर फेकू नका. उघडून पाहा, दुरुस्त करा, आणि ती दुरुस्ती स्वतःपाशी दडवू नका. कुठेतरी कुणाचं तरी नाव तिच्यावाचून अडलेलं असतं.