आंडेर

सुलभाताई शिरोळे सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या मार्केटमध्ये भरताची वांगी निवडत होत्या. हातातलं वांगं निसटलं. ते उचलायला त्या वाकल्या आणि तिथंच बसल्या; मग त्यांना उठता येईना. भाजीवाले चिनी अंकल त्यांना कित्येक वर्षं ओळखत होते. त्यांनी स्वतःचं स्टूल पुढे केलं, सुलभाताईंचा चेहरा एका बाजूनं ओघळलेला पाहिला आणि ताबडतोब अँब्युलन्स बोलावली. त्यामुळे जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं.

निदान सगळ्यांना तसं वाटलं.

त्यांचे यजमान पद्माकर शिरोळे मूळचे पुण्याचे. उभी हयात मरीन इंजिनियर म्हणून बोटींवर काढली, पुढे सिंगापुरातच किनाऱ्यावरची नोकरी धरली आणि इथेच राहिले. एकुलती एक मुलगी रुचिरा इथेच शाळेत गेली आणि आता घरापासून दोन स्टॉपवरच्या विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकवत होती. तिचा विषय ऐकून इथल्या मराठी मंडळातल्या बायका नेहमी थबकायच्या. प्राचीन मॅसिडोनियन लोक नेमके कोण होते? ग्रीक होते, की ग्रीकांच्या उत्तरेला राहणारे दुसरेच कोणी?

"अलेक्झांडर ग्रीक नव्हता?" असं कोणी विचारलं की ती हसून म्हणे, "कोणाला विचारता त्यावर आहे. अथेन्समध्ये विचाराल तर नाही. त्यांच्या राजांना विचाराल तर, आम्ही मूळचे आर्गोसचे, अस्सल ग्रीक. डोंगरातल्या मेंढपाळांना कोणी विचारलंच नाही."

सुलभाताई अशा वेळी मागे चहा गाळत असायच्या. लेकीचं बोलणं त्या लक्ष देऊन ऐकत, पण मध्ये बोलत नसत. एकूणच त्या कमी बोलत.

इस्पितळात चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र त्या बोलायला लागल्या आणि थांबेचनात. शब्द अडखळत, ओठ वाकडा, पण त्या काहीतरी सांगत होत्या. पद्माकर डाव्या बाजूला बसून पुन्हा पुन्हा विचारत, "काय, सुलभा? नीट सांग." त्या डोळे मिटून घेत आणि पुन्हा तेच सुरू करत. त्यांना मराठीत विचारलं तर कळल्यासारखं वाटे, पण उत्तर मराठीत येत नसे. हिंदी, इंग्रजी तर गेलीच होती.

त्यातला एक शब्द सारखा येई. नर्स म्हणाली, "आंटी 'अंडर' म्हणतायत. अंडर व्हॉट, आंटी?"

रुचिरानेही तेच ऐकलं होतं. तिने पलंगाखाली पाहिलं, उशीखाली पाहिलं, आईची पिशवी उलटी केली. आईचा चष्मा, कंगवा, जपमाळ, एकेक वस्तू तिने बाजूनं हात लांबवून समोर धरली. सुलभाताई मान हलवत राहिल्या. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

पद्माकर खोलीबाहेर आले. भिंतीला टेकून म्हणाले, "ती भलतंच बरळतेय गं. डॉक्टर म्हणाले होते, शब्दांची सरमिसळ होईल. आपण मनाची तयारी ठेवायला हवी."

रुचिरा परत आत जाऊन पलंगाच्या उजवीकडच्या खुर्चीत बसली आणि डोळे मिटून नुसतं ऐकत राहिली. ते तिला सवयीचं होतं. ज्या भाषेचे जेमतेम दीडेकशे शब्द उरलेत, आणि तेही बहुतेक परक्यांनी टिपून ठेवलेले, तिच्यामागे तिने पंधरा वर्षं घातली होती. इतर ग्रीक जिथे 'फिलिप्पोस' म्हणत तिथे मॅसिडोनियाचे लोक 'बिलिप्पोस' म्हणत. एका 'ब'वरून ती तासभर व्याख्यान देऊ शके.

आई म्हणत होती, "माले... घर जानं शे."

माले. शे. थोड्या वेळानं पुन्हा, "माले पानी."

रुचिरा ताडकन उठली. बाहेर जाऊन म्हणाली, "बाबा, हे बरळणं नाही. याला व्याकरण आहे. 'मला'ला ती 'माले' म्हणतेय, दर वेळी. वाक्याच्या शेवटी 'शे' येतंय. 'आहे'च्या जागी. ही भाषा आहे, बाबा. कुठली?"

पद्माकर हळूच म्हणाले, "शे. अगं, हे तर खानदेशातलं. तुझी अमळनेरची आजी असं बोलायची. अहिराणी."

"आईला येते?"

"तिची ती घरचीच. पण लग्नानंतर मी कधी तिच्या तोंडून ऐकली नाही. माझ्या सासूबाईंशी फोनवर बोलायची, तेसुद्धा दार लोटून. मला वाटलं, विसरली."

लग्न होऊन सुलभाताई पुण्यात आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात पंगतीत त्या म्हणाल्या होत्या, "भाजी तिखट शे." सगळी पंगत हसली. कोणी वाईट मनानं हसलं नाही. नणंदेनं तर त्यांचा गालगुच्चा घेतला. पण त्या दिवसापासून सुलभाताई बोलण्याआधी क्षणभर थांबू लागल्या. तेव्हा पद्माकर बोटीवर होते. ही गोष्ट त्यांना नणंदेनंच पुढे कधीतरी गंमत म्हणून सांगितली होती, आणि त्यांनीही ती गंमत म्हणूनच ऐकली होती.

पद्माकरांनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'अहिराणी बोलता येणारं कोणी आहे का? तातडीने हवं आहे.' पाठोपाठ अंगठे आले, हात जोडलेले आले, कोणीतरी अहिराणी गाण्याची लिंक पाठवली. संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, मी धनेश बोरसे. जुरोंग आयलंडला रिफायनरीत आहे. गाव शिंदखेडा. आता कंपनीच्या बसमध्ये आहे, तसाच येतो."

धनेश आला तो गळ्यातला पासही न काढता. पस्तिशीचा, धिप्पाड गडी, पण दारातच संकोचून उभा राहिला. मग पलंगाजवळ गेला, वाकला आणि म्हणाला, "कशी शे, मावशी? मी शिंदखेडाना शे."

सुलभाताईंनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्याची जी अर्धी बाजू हलत होती ती सगळी हलली. त्यांनी डाव्या हातानं धनेशचं मनगट धरलं आणि बोलायला सुरुवात केली. त्याला सगळंच कळत होतं असं नाही. तुटक शब्द जुळवत तो मधूनमधून विचारत होता, त्या मान हलवत होत्या, पुन्हा सांगत होत्या. मग धनेश सरळ उभा राहिला. त्याचा आवाज बदलला होता.

"त्या विचारतायत, 'मनी आंडेर कोठे शे?' आंडेर म्हणजे मुलगी. माझी मुलगी कुठे आहे, असं विचारतायत. म्हणतायत, तिचा आवाज येतो, पण ती दिसत नाही."

रुचिरा उजव्या बाजूच्या खुर्चीत बसली होती. रोज तिथेच बसत होती. आईच्या उजव्या बाजूचं दिसणं गेलंय हे तोवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

ती पलंगाला वळसा घालून डावीकडे आली. पद्माकर बाजूला सरकले. सुलभाताईंनी तिला पाहिलं, नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उनी का, माय."

याचा अर्थ कोणी सांगायची गरज पडली नाही.

त्या रात्री घरी आल्यावर रुचिराला आपल्याच व्याख्यानातला एक प्रसंग आठवत राहिला. मेजवानीत अलेक्झांडरचं त्याच्या जुन्या मित्राशी कडाक्याचं भांडण होतं. राजा भान हरपतो आणि रक्षकांना हाका मारतो, त्या मॅसिडोनियन बोलीत. एरवी दरबारात तो उत्तम ग्रीक बोलणारा. रुचिरा दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगायची की यावरून फार काही सिद्ध होत नाही. ती वेगळी भाषा असेल किंवा ग्रीकचीच रांगडी बोली असेल. ते आजही खरं होतं. पण त्या हाकेत माणूस होता, ही गोष्ट तिला पहिल्यांदाच जाणवली.

नंतरचे महिने व्यायामाचे आणि शिकण्याचे गेले. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, जी भाषा आधी परत येतेय तिलाच धरा, बाकीच्या तिच्यामागून येतील. म्हणून धनेश दर रविवारी क्लेमेंटीला येऊ लागला. रुचिरा समोर बसून त्याचं बोलणं आपल्या तोंडात घोळवून पाही. "आठे, तठे. मी जास, तो जास." तिचं चुकलं की सुलभाताई हसत. आवाज काढून, पोट धरून हसत. रुचिराला तर आई अशी हसलेली आठवतच नव्हती.

आणि गोष्टी! बोरी नदीला पूर आला की पलीकडच्या तीरावरचे पाव्हणे कसे अडकायचे. श्रावणात कानबाई देवी बसली की घरातले पुरुष दळण कसं दळायचे आणि आजोबांच्या मिशा पिठानं कशा पांढऱ्या व्हायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या की कडुलिंबाच्या फांदीला झोके बांधायचे, आणि वरच्या आळीच्या पोरी खालच्या आळीच्या पोरींना गाण्यातून शिव्या कशा द्यायच्या. सुलभाताई त्यातल्या म्होरक्या. त्यांनी एका पोरीच्या होणाऱ्या नवऱ्याची अशी नक्कल केली होती की लग्नच मोडायला आलं होतं. हे सांगताना त्यांनी वाकड्या ओठानं ती नक्कल पुन्हा केली, आणि धनेश खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

धनेश गेल्यावर पद्माकर गॅलरीत वाळलेले कपडे काढत म्हणाले, "तुझी आई विनोदी आहे हे मला माहीतच नव्हतं गं. मला वाटायचं, शांत बाई आहे. पुण्याची भाषा बोलायला लागली म्हणून शांत झाली होती."

त्यांनीही शिकायला घेतलं, पण त्यांची जीभ काही वळेना. "चहा जोयजे का?" एवढं एकच वाक्य त्यांना बिनचूक जमलं, आणि ते दिवसातून इतक्यांदा म्हणत की सुलभाताईंनी एकदा कपाळावर हात मारून घेतला. गणपतीच्या सुमारास सुलभाताईंचं पुणेरी मराठीही बरंचसं परत आलं. सगळ्यांना वाटलं, आता अहिराणी मागे पडेल. तसं झालं नाही. मंडळाच्या बायका भेटायला आल्या की त्या प्रमाण मराठीत बोलत; पाठ वळली की त्यांच्याबद्दल अहिराणीत बोलत.

रुचिरा तेव्हा आपल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहीत होती. पेल्ला या मॅसिडोनियाच्या राजधानीत, एका जुन्या थडग्यात शिशाचा गुंडाळलेला पत्रा सापडला आहे. त्यावर एका बाईनं आपल्या बोलीत जादूटोण्याचा मजकूर खरडलाय. मॅसिडोनियाच्या घरातली भाषा म्हणून आपल्या हाती सलग असं जवळजवळ तेवढंच आहे, आणि ती ग्रीकचीच एक बोली वाटते. त्यावरून आजही वाद चालतात. पुस्तकात रुचिरानं त्या पत्र्याच्या स्वरांवर आणि प्रत्ययांवर वीस पानं लिहिली होती.

एका दुपारी आईच्या बोटांना व्यायाम देता देता तिनं तिला हे सांगितलं. मोडक्यातोडक्या अहिराणीत, अडलं तिथे मराठीत.

"काय लिखेल शे तिनं?" सुलभाताईंनी विचारलं.

"तिचा एक माणूस होता, डायोनिसोफॉन नावाचा. तो थेटिमा नावाच्या बाईशी लग्न करणार होता. ही म्हणते, त्यानं तिच्याशी लग्न करू नये, दुसऱ्या कोणाशीच करू नये. त्याच्याबरोबर मीच म्हातारी व्हावी. मला दुसरं कोणी नाही, माझ्यावर दया करा."

सुलभाताईंची बोटं थांबली. "तिनं नाव काय?"

"पत्रा तिथेच झिजलाय. नीट वाचता येत नाही."

"मंग? व्हयनं का तिनं लगीन?"

रुचिरा मान हलवत म्हणाली, "माहीत नाही, आई. कोणालाच माहीत नाही."

"तुम्ही इतके मोठमोठे लोक," सुलभाताई आता स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "ग्रीक की नाही, ग्रीक की नाही म्हणून भांडता. आणि त्या बिचारीचं काय झालं हे विचारत नाही?"

खुर्चीत पेपर वाचणारे पद्माकर पेपर खाली न करताच म्हणाले, "झालं असेल गं. अशा बाईला कोण नाही म्हणेल?"

"तुम्ही गप बठा," सुलभाताई म्हणाल्या. पण त्यांना ते आवडलं होतं. त्या खिडकीकडे बघत बराच वेळ गालात हसत होत्या. मग त्यांनी हात पुन्हा लेकीपुढे केला आणि रुचिरा त्यांची एकेक बोट उघडत, मिटत बसली.

त्या संध्याकाळी तिनं प्रकरणाची सुरुवात बदलली. स्वर आणि प्रत्यय तसेच ठेवले, वादही ठेवला. पण त्यांच्या आधी ती बाई आली. पेल्लात राहणारी, एकटी पडलेली, ज्याच्याबरोबर म्हातारं व्हायचंय त्याचं नाव घरच्या बोलीत कोरणारी.