सरांची शुद्ध बाटली

प्रयोगशाळेचे सर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. सोडियमची बॅटरी स्वतःच्या हाताने कधी बांधली नाही, पण तोंड उघडलं की "माझा अ‍ॅनोड!" म्हणजे बॅटरीचा ऋण ध्रुव, कथील आणि अँटिमनीचा मिश्रधातू. सोडियम आत शिरला की फुगायचा, बाहेर पडला की आकसायचा, आणि चार्ज-डिस्चार्जच्या वीस-पंचवीस फेऱ्यांत त्याचा भुगा व्हायचा. त्यावर सरांच्या हाताखालच्या संशोधक ताईने उतारा काढला होता: बॅटरीतल्या द्रवात, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये, अ‍ॅडिटिव्हचे चार थेंब. त्याने धातूवर पातळ साय धरते आणि तो टिकतो. दोन वर्षं घासली होती बिचारीने.

"चार थेंबांनी काय होतंय?" सर हसले. "माझे सेल नुसत्या शुद्ध द्रवावर चारशे फेरे चालतात. करामत धातूची आहे, ताई." मग असल्या बिनकामाच्या बाईची गरजच काय? तिची नेमणूक महिनाअखेर संपणार होती.

अहो, सरांचे सेल चालणार नाहीत तर काय! दर शनिवारी सगळ्यांच्या बाटल्यांतलं उरलंसुरलं सरांच्या 'शुद्ध' बाटलीत ओतायचं, हा सरांचाच फतवा. थेंब वाया जाता कामा नये! ताईचं अ‍ॅडिटिव्ह तिथूनच आत जात होतं. तिने तसं लेखी दिलं, तर समासात शेरा मारून कागद परत आला. तो तिने जपून ठेवला.

मग तपासणीला पाहुणे आले. सरांनी नवी सीलबंद बाटली फोडून तिच्यावर सहा सेल बांधायला लावले.

"सर, रोजचीच घ्या," ताई म्हणाली. मनात म्हटलं, द्यावी मेल्याला शेवटची संधी.

"पाहुण्यांसमोर उरलंसुरलं? तुम्ही आपली आवराआवर करा."

तासाला एक फेरा. दुसऱ्या दिवशी दुपारी, तेविसाव्या फेऱ्याला, पडद्यावरची रेघ धाडकन खाली आली. सहाच्या सहा सेल आडवे! सरांनी यंत्राला दोष दिला, विजेला दिला, हवेलाही दिला. नाचता येईना, अंगण वाकडं.

"रोजच्या बाटलीत वेगळं काय असतं?" पाहुण्यांतल्या वयस्कर बाईंनी विचारलं. ताईने शनिवारची गोष्ट सांगितली.

सर उसळले. "मग हे आधी नाही का सांगायचं?"

ताईने कागद काढून बाईंच्या हातात दिला. बाईंनी समासातलं सरांचं अक्षर मोठ्याने वाचलं, "नसत्या शंका काढू नयेत."

मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, तुम्हाला सेल बांधता येतो?"

सरांनी ताईच्या मुदतवाढीचा कागद पुढे ओढला.

त्यावर त्यांनी तिथल्या तिथे सही केली. समास कोरा सोडला.