एक्केचाळिसावी

टिल्ली नावाप्रमाणे मुळीच नव्हती. चांगली ताडमाड वाढली होती आणि राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. माणसाच्या जिवाची काळजी सरकारने कुठवर करावी, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. तो तिनेच हौसेने निवडला होता आणि आता तोच तिच्या मानगुटीवर बसला होता. सोमवारी तिने लिहिलं, ज्याचा जीव त्याने सांभाळावा, सरकारने मध्ये नाक खुपसू नये. मंगळवारी ते खोडून लिहिलं, एकेक जीव अमोल आहे, सरकारने तो जपलाच पाहिजे. बुधवारी ‘हा प्रश्न गुंतागुंतीचा आहे’ असं लिहून मोकळी झाली. असं लिहिणाऱ्याचं काहीच ठरलेलं नसतं, हे कळायला परीक्षक कशाला हवा?

तोंडी परीक्षा गुरुवारी दहा वाजता होती. कॉलेज खाडीपलीकडे, म्हणजे नऊची लाँच गाठायलाच हवी. ती चुकली तर पुढची साडेदहाला. आणि परीक्षेला गैरहजर म्हणजे वर्ष गेलं. तरीही टिल्लीने सकाळी शेवटचं पान चौथ्यांदा बदललं, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून घेतलं आणि ती निवांत धक्क्यावर आली. धक्क्यावर साक्षात आई असताना घाई कसली?

तिची आई धक्क्यावर सरकारी नोकरीत होती. लाँचमध्ये चढणारी माणसं मोजायची आणि चाळीस झाली की साखळी लावायची, एवढंच काम. खात्याने मोजायचं यंत्र दिलं होतं, ते खणात पडून असायचं. बाई चढणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत. एरवी कुणाच्या बापाला न ऐकणारी पोरंही तिथे निमूटपणे खांदा पुढे करत. कडेवरचं मूल नियमाप्रमाणे मोजायचं नसतं. बाई त्याच्या तळपायाला बोट लावून त्यालाही मोजत. साहेबांनी एकदा हटकलं, तेव्हा म्हणाल्या, "साहेब, बुडायची वेळ आली तर ते कुणात धरायचं?" साहेब पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

टिल्ली आली तेव्हा रांगेत तिच्यापुढे एकच बाई होती, कडेवर लहान मूल घेतलेली. आईने मुलाच्या पायाला बोट लावलं. "एकोणचाळीस." मग त्या बाईच्या खांद्याला. "चाळीस." आणि लेकीच्या नाकासमोर साखळी अडकवली.

"आई, मूल मोजायचं नसतं," टिल्ली म्हणाली. "नियमात लिहिलंय. मी वाचलाय."

"मीही वाचलाय."

"माझी परीक्षा आहे."

"माहीत आहे. रात्रीपासून तेच ऐकतेय."

लाँचवाला आतून म्हणाला, "येऊ द्या हो बाई, घरचीच पोर आहे."

"घरची आहे म्हणूनच म्हणतेय. आज हिला सोडलं तर उद्या तुझ्या मेव्हण्याला कुठल्या तोंडानं अडवू?"

मेव्हणा रोज उशिरा येई, त्यामुळे लाँचवाला इंजिनाकडे वळला. मुलाला घेतलेली बाई मागे वळली. "ताई, मी उतरते. डॉक्टरांकडे काय, नंतरही जाता येईल." मूल तापाने लाल झालं होतं आणि तिच्या खांद्यावर मान टाकून पडलं होतं.

"नको, तुम्ही जा," टिल्ली म्हणाली, आणि असं म्हटल्याचा तिला लगेच भयंकर राग आला.

लाँच गेली. टिल्ली आईच्या धक्क्यावरच्या खोलीत स्टुलावर फुगून बसली. आईने थर्मासमधला चहा ओतून पुढे ठेवला, तिने तो बाजूला सारला. अर्ध्या तासाने पलीकडून फोन आला, लाँच पोचली.

"बघ," टिल्ली म्हणाली. "मी असते तरी पोचलीच असती."

"बहुधा पोचली असती," आई म्हणाली. "त्या ‘बहुधा’साठीच तर मला इथं बसवलंय. चहा पी, निवतोय."

टिल्ली चहा प्यायली, कारण भांडून घसा कोरडा पडला होता.

ती कॉलेजात पोचली तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बॅग आवरत होत्या. सर म्हणाले, "ये, तुझ्यासाठी थांबवून ठेवलंय त्यांना. आता कारण तरी धड सांग." तिने झालं ते सगळं सांगितलं. परीक्षक बाईंनी बॅग खाली ठेवली. प्रकल्पाचं शेवटचं पान वाचलं आणि मिटून ठेवलं.

"हे राहू दे. आईच्या जागी तू असतीस, तर लेकीला चढू दिलं असतंस?"

टिल्लीला पाठ केलेली दोन्ही उत्तरं येत होती. पण तिच्या तोंडून निघालं, "हो. दिलं असतं."

"मग?"

"म्हणून मला अजून ठरवता येत नाही, मॅडम. सरकार म्हणजे शेवटी माणूसच असतं. ते माझ्यासारखं असेल तर त्याच्या हातात कुणाचा जीव देऊ नये. आईसारखं असेल तर द्यावा. आणि कोण कसं निघेल, ते आधी कळत नाही."

परीक्षक बाईंनी प्रकल्प तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "हेच लिही. सोमवारपर्यंत आण. गुण तेव्हा देईन."

संध्याकाळी टिल्ली परत आली तेव्हा आई पलीकडून आलेल्या लाँचचा दोर तपासत होती. लेकीला पाहून ती उठली, पण लगेच काही विचारायचं तिला धाडस झालं नाही.

"वर्ष वाचलं," टिल्ली म्हणाली. "शेवटचं प्रकरण परत लिहायचंय."

दोघी घराकडे चालू लागल्या. वळणापाशी आल्यावर आई समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "सकाळी साखळी लावल्यावर मी आतली माणसं परत मोजली. म्हटलं, कुठं तरी चुकले असेन, एखादं जास्त धरलं असेन. देवा, चुकलेली असू दे, असं म्हणत तीनदा मोजली."

"मग?"

"तिन्ही वेळा चाळीसच भरली गं," आई म्हणाली.