नत्थुजीचं बी

नत्थुजी तिवस्याहून येष्टीनं निघाले होते, अन् माह्या नवऱ्यानं सकाळीच खोटं ठरवून ठेवलं होतं. "नसीमबानो, तू मधात बोलू नको," म्हणे.

आमची इफ्फत अकोल्यातल्या एका प्रयोगशाळेत कापसावर काम करते. कापसाच्या पेशी अन् बोंडअळीले पुरून उरणारं जनुक एका इवल्याशा डबीत ठेवायचं, विजेचा झटका द्यायचा. पेशीच्या पापुद्र्याले बारीक छेद पडतात, जनुक आत शिरतं, छेद बुजतात. जठारपेठेत हे सांगत फिरायची मले मोठी हौस!

नत्थुजी माह्या नवऱ्याचे, इनायतुल्लाचे, जुने दोस्त. त्याईच्या बापाच्या काळचं देशी बी मूठभर उरलं होतं, दुसरीकडं कुठंच नाही. अळी ते बी राहू देत नाही म्हणून सारं इफ्फतच्या ओंजळीत टाकलं. वाचव बाई, म्हणाले.

पोरीनं रोपं वाढवली, सारी खुडून पेशी काढल्या. अन् ऐन वक्तावर लाइन गेली, शुद्ध पाण्याचं यंत्र बंद. मग आमच्या बाईसाहेबांनी जुन्या डब्या बोअरच्या पाण्यानं धुतल्या. अवं, खारपाणपट्ट्यातली पोरगी तू! इथल्या पाण्यानं चहा फाटते, अन् तुले खार सुचला नाही? लाइन आली. डबीत खार राहिला की झटक्याची वीज भडकते; पहिल्या डबीत ठिणगी उडाली, पेशी शिजल्या. थांबायचं, तर घाबरून दुसरी लावली, मग तिसरी. काहीच उरलं नाही.

नत्थुजी आले, बसले. इनायतुल्लानं पोरीची इज्जत राखायले सांगून टाकलं, की बीच मेलेलं होतं, एक दाणा उगवला नाही.

माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. त्याईनं इफ्फतपुढं हात जोडले. "माफ कर बाई. माह्या नासक्या बियानं तुही मेहनत वाया गेली."

मले तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. इफ्फत रडत रडत बोलली, "काका, बी चांगलं होतं. सारं उगवलं होतं. मीच मारलं."

"सारं उगवलं होतं?" त्याईनं विचारलं.

"हो, काका."

नत्थुजीचा चेहरा एकदम खुलला. पानं कशी होती, रोपं केवढाली झाली होती, विचारत राहिले. इफ्फत एकेक सांगत गेली. आम्ही दोघं नवराबायको खाली मान घालून ऐकत होतो.